चार फोन, आठ सिम, अकरा दिवस

मार्ग साधा होता. इस्तंबूलला विमान बदलून म्युनिक, तिथून रेल्वेने कोन्स्तान्स, झुरिक, मिलान आणि अँकोना, मग रात्रभराच्या बोटीने पात्रास आणि शेवटी अथेन्स. चार माणसं, चार फोन: दोन आयफोन, एक पिक्सेल, एक सॅमसंग. प्रत्येकात घरचं सिम आणि इंटरनेटसाठी एक प्रवासी ई-सिम, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्याशिवाय थेट फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम. हॉटेलं, तिकिटं, गाड्या सगळं वेळेवर मिळालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फोननी मात्र रोज काही ना काही शिकवलं. आणि गंमत म्हणजे नव्या ई-सिमपेक्षा घरच्या जुन्या सिमनेच जास्त.

निघण्याआधीचा आठवडा

पहिली तपासणी फोनची. डायलरवर *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसतो. त्या यादीत ३२ अंकी ईआयडी (ई-सिमच्या चिपचा क्रमांक) दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. दुसरी तपासणी लॉकची. आयफोनमध्ये 'जनरल', मग 'अबाउट', तिथे 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं हवं. हप्त्यावर घेतलेला फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असेल तर ई-सिम उतरलं तरी चालणार नाही.

सॅमसंगमध्ये एक अडचण निघाली. दोन सिमचे खाचे आणि वर ई-सिम, म्हणजे तीन सिम चालतील असं वाटतं. पण एका वेळी जागी राहतात दोनच. ई-सिम चालू केलं की एक प्लास्टिकचं सिम झोपतं. कोणतं, हे आधीच ठरवून ठेवावं.

ई-सिम घरच्या वायफायवरच उतरवून घ्यावं. विक्रेत्याकडून येणारा क्यूआर कोड म्हणजे एका सर्व्हरचा पत्ता आणि आपल्यासाठी राखून ठेवलेल्या प्रोफाइलचा, म्हणजे खुद्द सिमच्या माहितीचा क्रमांक. तो बहुधा एकदाच वापरता येतो. म्हणून 'चुकलं वाटतं, डिलीट करून परत टाकू' हा विचार इथे महागात पडतो. प्रोफाइल डिलीट केलं तर बऱ्याचदा नवा कोड मागावा लागतो. नुसतं बंद केलं तर काही बिघडत नाही. कोड त्याच फोनवर मेलने आला असेल तर दुसरा स्क्रीन शोधायची गरज नाही. आयओएस १७.४ पासून चित्रावर बोट दाबून धरलं की 'ॲड ई-सिम' येतं. नाहीतर पत्ता आणि ॲक्टिव्हेशन कोड हाताने टाकता येतो.

उतरवल्या उतरवल्या लाइनना नावं द्यावीत. 'घर' आणि 'प्रवास'. दोन्ही लाइन 'प्रायमरी', 'सेकंडरी' म्हणून सोडून दिल्या, तर विमानतळावर अर्धवट झोपेत चुकीचं बटण दाबलं जातंच.

आता मुख्य मुद्दा. घरचं सिम बंद करायचं नाही, मुकं करायचं. त्याचे कान उघडे हवेत, कारण बँकेचा ओटीपी तिथेच येणार. त्यासाठी चार गोष्टी:

- 'घर' लाइनचं डेटा रोमिंग बंद.
- 'मोबाइल डेटा'साठी 'प्रवास' लाइन निवडलेली, आणि फक्त तिचं डेटा रोमिंग चालू. हे दुसरं अनेकजण घाबरून बंद ठेवतात आणि मग ई-सिम 'चालत नाही'. प्रवासी ई-सिम हे बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं सिम असतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ते कायम रोमिंगवरच असतं.
- आयफोनमध्ये 'अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग', अँड्रॉइडमध्ये आपोआप डेटा बदलणारा पर्याय, दोन्ही बंद. ई-सिमची रेंज गेली की फोन भाबडेपणाने घरच्या सिमवर डेटा शोधायला जातो. रोमिंग बंद असलं की तो मिळत नाही, पण दाराला दोन कड्या असलेल्या बऱ्या.
- कॉल फॉरवर्डिंग काढून टाकलेलं.

शेवटच्या कलमाकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून थोडं सविस्तर. फोन परदेशातल्या नेटवर्कवर नोंदलेला असताना कॉल आला, तर तो आधी त्या देशात येतो. आपण उचलला नाही आणि व्हॉइसमेलला फॉरवर्ड लावलेलं असेल, तर तोच कॉल तिथून उलटा घरच्या देशात जातो. येतानाचं रोमिंग एक, जातानाचा आंतरराष्ट्रीय कॉल दुसरा. न उचललेल्या कॉलचे दुहेरी पैसे. *#६२# दाबून 'संपर्काबाहेर' असताना कॉल कुठे जातो ते कळतं, *#६१# ने 'उचलला नाही'चं, *#६७# ने 'व्यस्त'चं. ##००२# ने सगळं एका फटक्यात रद्द होतं. हे कोड घरच्या लाइनवरूनच आणि घरूनच दाबावेत. परदेशात ते कधी लागू पडतात, कधी नुसता 'एरर' येतो.

निघायच्या तोंडावर घरचं प्लास्टिकचं सिम ई-सिममध्ये बदलून घेण्याची हौस करू नये. सिम बदलल्यावर काही काळ एसएमएस अडवून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. शिवाय फोन हरवला तर प्लास्टिकचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम परत मिळवायला बहुधा ओटीपी लागतो, आणि तो येतो हरवलेल्या फोनवर. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढे आहे ना, आणि त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू आहे ना, हेही पाहून घ्यावं. रोमिंग सेवा चालू असणं आणि रोमिंगचा पॅक घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. ओटीपी यायला पहिली पुरते.

दिवस १: इस्तंबूल, मग म्युनिक

पहाटे पाचला इस्तंबूल. दारं उघडायच्या आधीच सगळ्यांनी विमान मोड काढला, आणि एका आयफोनचं घड्याळ तिथेच चालू झालं.

युरोपच्या अनेक प्लॅनमध्ये तुर्कस्तान धरलेलं असतं. आणि बहुतेक प्लॅनची मुदत ई-सिम उतरवल्यापासून नव्हे, तर यादीतल्या देशाच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून मोजतात. या आयफोनची 'प्रवास' लाइन चालू राहिली होती. १० दिवसांचा प्लॅन, म्हणजे २४ तासांचे दहा तुकडे, पहाटे पाचला सुरू झाले. दुसरा आयफोन आणि पिक्सेल यांची ती लाइन बंद होती. त्यांची मुदत दुपारी बारानंतर म्युनिकला सुरू झाली. म्युनिकचं घड्याळ इस्तंबूलच्या तासभर मागे, म्हणजे आठ तासांचा फरक. त्या दिवशी तो कुणाला जाणवला नाही.

सॅमसंगची वेगळीच कथा. त्याचं ई-सिम घ्यायचंच राहिलं होतं, 'विमानतळाच्या वायफायवर घेऊ' म्हणून. विक्रेत्याचं पान उघडेना. जुलै २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या दूरसंचार नियामकाने अनेक परदेशी ई-सिम विक्रेत्यांच्या वेबसाइट आणि ॲप तिथून उघडणं बंद केलं. आधीच उतरवलेलं ई-सिम चालतं, नवं विकत घेणं तेवढं अडतं. सॅमसंगचं ई-सिम मग म्युनिकच्या वायफायवर घाईघाईत घेतलं गेलं, आणि घाईत स्वस्तातला, फक्त युरोपीय संघाचा प्लॅन निवडला गेला. त्याचं फळ चौथ्या दिवसापासून मिळालं.

म्युनिकला उतरल्यावर पाहण्यासारखा असतो तो स्क्रीनचा वरचा उजवा कोपरा. आयफोनवर सिग्नलच्या दांड्यांखाली ठिपक्यांची दुसरी ओळ उमटते. वरची ओळ एका लाइनची, खालची दुसरीची. आधी एकच भरते, मग दुसरी. दोन्ही भरल्या की मिनिटाभरात घरच्या कंपनीचा 'स्वागत' एसएमएस येतो, दरपत्रकासकट. सगळे तो न वाचता उडवतात. पण घरचं सिम परदेशात नोंदलं गेलं आणि त्याला एसएमएस येतात, याची ती फुकटची चाचणी. तो आला नाही तर ओटीपीही येणार नाही असं धरावं आणि तिथेच नेटवर्क हाताने निवडून पाहावं.

पिक्सेलला सिग्नल पूर्ण, पण इंटरनेट नाही. हा दोष सर्वांत नेहमीचा आणि कारणं बहुधा दोनच: डेटा रोमिंग बंद, नाहीतर एपीएन (सिमला इंटरनेटचं दार दाखवणारं नाव) रिकामा. इथे दुसरं होतं. विक्रेत्याच्या मेलमध्ये दिलेला एपीएन 'ॲक्सेस पॉइंट नेम्स'मध्ये टाकला, अर्धा मिनिट विमान मोड लावून काढला, झालं. तो मेल आधीच उतरवून ठेवलेला असावा, हे सांगायला नकोच.

त्याच वेळी एका आयफोनने विचारलं, आयमेसेजसाठी (ॲपलची इंटरनेटवरून संदेश पाठवायची सोय) कोणता नंबर वापरू? उत्तर 'घर'. व्हॉट्सॲपनेही 'नंबर बदलला का' विचारलं तर 'नाही, तोच ठेवा'. व्हॉट्सॲपला फोनमध्ये कोणतं सिम आहे याच्याशी देणंघेणं नसतं. नोंदणी घरच्या नंबरवर आहे तोवर डेटा कुठूनही येऊ दे.

दिवस २ आणि ३: म्युनिक

दोन दिवस पावसाची रिपरिप. संग्रहालयांच्या रांगा लांब, त्यामुळे तिकिटं फोनवरूनच काढली, आणि घरच्या नंबरची खरी परीक्षा झाली.

कार्डाने पैसे भरताना बँक ओटीपी पाठवते. परदेशात तो कधी पाच सेकंदांत येतो, कधी दोन मिनिटं लागतात. अशा वेळी 'पुन्हा पाठवा' दाबत सुटू नये. नवा कोड निघाला की जुना बाद होतो, आणि उशिरा आलेला जुना कोड टाकून तीनदा चूक झाली की कार्डच अडकतं. एकदा पाठवून शांत बसावं. जिथे शक्य आहे तिथे निघण्याआधीच ऑथेंटिकेटर ॲप लावून घ्यावं. त्यातले सहा अंकी कोड दर ३० सेकंदांना फोनमध्येच तयार होतात, त्यांना ना सिम लागतं ना इंटरनेट.

दुसरी गंमत इंटरनेटवरच्या पत्त्याची, म्हणजे आयपी ॲड्रेसची. फोन म्युनिकमध्ये, पण बँकेच्या ॲपला तो हाँगकाँगमध्ये दिसला. प्रवासी ई-सिमचा डेटा अनेकदा आधी मूळ कंपनीच्या देशात जातो आणि तिथून इंटरनेटवर येतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १० हजार किलोमीटरच्या वळशाला जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच. ब्राउझिंगला ते जाणवत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये दोघं एकदम बोलायला लागतात, ते यामुळे. बँकेने संशयाने लॉगिन अडवलं तर हॉटेलच्या वायफायवरून पाहावं. तिथला पत्ता निदान खऱ्या देशातला असतो.

घरचा फोन वाजला तर? वाजू द्यावा. उचलला की रोमिंगचा दर सुरू. फॉरवर्डिंग काढलेलं असल्याने न उचललेला कॉल तिथेच संपतो. मग व्हॉट्सॲपवरून उलट फोन करावा.

दिवस ४: कोन्स्तान्स

बोडेन्झे सरोवराच्या दक्षिण काठावरचं हे जर्मन गाव स्वित्झर्लंडच्या क्रॉइत्सलिंगनला अक्षरशः चिकटलेलं आहे. मधलं कुंपण २००६ मध्ये काढलं, आता तिथे सीमारेषेवर शिल्पं उभी आहेत. फिरणारा माणूस एका पावलात देश बदलतो. फोन तर पाऊल न टाकताच बदलतो.

हॉटेल जर्मनीत, आणि घरच्या सिमवर एसएमएस आला: 'स्वित्झर्लंडमध्ये आपलं स्वागत आहे.' पलीकडच्या टॉवरचा सिग्नल जोरदार होता, एवढंच. डेटा रोमिंग बंद असल्याने घरच्या सिमचं काही बिघडलं नाही. ते चालू असतं तर दर मात्र स्वित्झर्लंडचा लागला असता, कारण बिल टॉवरच्या देशाप्रमाणे होतं, पायाखालच्या जमिनीप्रमाणे नाही. सॅमसंगच्या स्वस्त प्लॅनचं नेट गेलं. ई-सिम स्विस टॉवरला लटकलं होतं आणि प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड नव्हतं. उपाय: नेटवर्कची निवड 'आपोआप'वरून काढून यादीतून जर्मन कंपनी हाताने निवडणं. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात, घाई करू नये. नेट परत आलं. 'आपोआप' परत लावायचं मात्र राहिलं.

दिवस ५ आणि ६: झुरिक

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून सदस्य देशांच्या सिमला एकमेकांकडे घरच्याच दराने रोमिंग मिळतं. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनही त्यात आहेत. स्वित्झर्लंड नाही. म्हणून नुसतं 'युरोप' हे नाव पाहून प्लॅन घेऊ नये. देशांची यादी उघडावी आणि त्यात स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि तुर्कस्तान शोधावं. सॅमसंगने दोन दिवस आयफोनच्या हॉटस्पॉटवर काढले. तेही नशीब, कारण काही 'अमर्याद' प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला मनाई असते, आणि काहींचा वेग रोजच्या ठरलेल्या मापानंतर रांगतो.

पिक्सेलच्या घरच्या लाइनवर एसएमएस येत होते, पण कॉल लागत नव्हता. कारण बारीक आहे आणि येत्या काही वर्षांत जगभर सगळ्यांना भेटणार आहे. साधा कॉल जुन्या २जी किंवा ३जी वर चालतो. ४जी वर बोलायला व्होल्टी (४जी वरूनच कॉल नेणारी सोय) लागतं, आणि परदेशात व्होल्टी चालायला दोन्ही देशांच्या कंपन्यांमध्ये तसा करार लागतो. जर्मनीत ३जी २०२१ मध्येच गेलं, पण २जी आहे, त्यामुळे तिथे निभावलं. स्वित्झर्लंडच्या स्विसकॉम कंपनीने २जी २०२१ मध्ये आणि ३जी २०२५ च्या अखेरीस बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून ३जी नाही, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०२२ मध्येच आटोपलं. अशा देशांत घरच्या नंबरवर कॉल हवाच असेल तर निघण्याआधी कंपनीला एकच प्रश्न विचारावा: त्या देशात व्होल्टी रोमिंग आहे का?

नसेल तर दुसरी वाट वायफाय कॉलिंगची. घरच्या लाइनवर ते आधीच चालू करून ठेवलेलं असेल, तर हॉटेलच्या वायफायवर घरचा नंबर घरी असल्यासारखा वाजतो. काही कंपन्या परदेशातून ते अडवतात, काही रोमिंगचा दर लावतात. हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

दिवस ७: मिलान

गोटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा, मग कियासोची सीमा. पाच-दहा मिनिटांत तिन्ही फोनवर इटलीची नेटवर्कं. सॅमसंगवर 'नो सर्व्हिस'. बिचारा इटलीत अजून जर्मन कंपनी शोधत होता. 'आपोआप' केल्यावर लगेच लागला.

दिवस ८ आणि ९: अँकोना ते पात्रास

बोटीचा प्रवास जवळजवळ एक दिवसाचा. डेकवर वारा एवढा की टोपी हातात धरावी लागत होती. किनारा मागे पडला तशा दांड्या एकेक करून गेल्या, 'नो सर्व्हिस' आलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा पूर्ण सिग्नल. इथेच सावध व्हावं. हा किनाऱ्याचा टॉवर नव्हे. जहाजावर स्वतःचं छोटं मोबाइल केंद्र असतं, ते उपग्रहातून जोडलेलं असतं आणि जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा सहसा बरंच महाग पडतं. जहाज आणि विमानातली अशी नेटवर्कं कोणत्याच देशाची नसतात. मोबाइल नेटवर्कच्या यादीत त्यांचा देश-संकेतांक ९०१ (फोन लावायचा नव्हे). रोमिंगच्या पॅकमध्ये ती सहसा धरलेली नसतात. बंदर सोडलं की विमान मोड, हवं तर वर वायफाय. बोटीवर पैसे भरायची वेळ येऊ देऊ नये, म्हणजे ओटीपीचीही येत नाही.

इटलीपेक्षा ग्रीस एक तास पुढे. विमान मोडमध्ये फोनला ते कळेना, म्हणून एका आयफोनचं घड्याळ कुणीतरी हाताने तासभर पुढे केलं. सकाळी ऑथेंटिकेटरचा एकही कोड लागेना. हे कोड जागतिक वेळेवरून निघतात. टाइम झोन बदलला तर त्यांना फरक पडत नाही, पण झोन तोच ठेवून काटे सरकवले तर फोनच्या लेखी जगाचीच वेळ तासाने चुकते. तारीख-वेळ 'आपोआप' केल्यावर पुढच्या कोडला दार उघडलं.

दिवस १० आणि ११: अथेन्स

दहाव्या रात्री पिक्सेलवर डेटाचा हिशेब पाहिला तर अर्ध्याहून जास्त खर्च फोटोंच्या बॅकअपने खाल्लेला. व्हिडिओ एचडी दर्जात तासाला ३ जीबीपर्यंत जातो, साध्या दर्जात सुमारे १ जीबी, हे लोकांना माहीत असतं. बॅकअप मुकाट्याने चालतो. 'प्रवास' लाइनला 'लो डेटा मोड' किंवा 'डेटा सेव्हर' पहिल्या दिवशीच लावावा, आणि शहरांचे नकाशे वायफायवर उतरवून घ्यावेत. टॉप-अपही डेटा थोडा उरलेला असतानाच करावा. संपल्यावर विक्रेत्याचं पान उघडायलाही वायफाय शोधावं लागतं.

अकराव्या दिवशी पहाटे पाचला इस्तंबूलवाल्या आयफोनचा प्लॅन संपला. सात वाजता विमानतळाला निघायचं होतं. टॅक्सीच्या ॲपवर चक्र फिरत राहिलं, शेवटी दुसऱ्या फोनवरून गाडी बोलवली. बोर्डिंग पास आदल्या रात्रीच वॉलेटमध्ये टाकला होता, म्हणून पुढे अडलं नाही.

परतल्यावर

विमान उतरलं आणि चारही फोन 'इंटरनेट नाही' म्हणाले. मोबाइल डेटा अजून 'प्रवास' लाइनवर होता. तो 'घर'वर आणायचा, ई-सिमची लाइन बंद करायची, काढून ठेवलेलं फॉरवर्डिंग हवं असेल तर परत लावायचं. ई-सिम लगेच डिलीट करायची घाई नको. काही विक्रेते त्याच प्रोफाइलवर पुढच्या सहलीचा प्लॅन घालू देतात.

रोमिंगचा हिशेब परदेशी कंपनीकडून मागाहून येतो, त्यामुळे पहिलं बिल कोरं दिसलं तरी पुढचं पाहावं. एका आयफोनच्या बिलात तशी एक ओळ आलीच: परदेशातून पाठवलेला एक एसएमएस, दिवस पहिला, म्युनिक. तो कुणी लिहिला नव्हता. आयमेसेजला नंबरची खात्री करून घ्यायची असते तेव्हा फोन स्वतःच मागच्या मागे एक एसएमएस पाठवतो, आणि तो पाठवलेल्यांच्या यादीत दिसत नाही. पुढच्या वेळी नव्या लाइनची सगळी निवड घरीच उरकून, आयमेसेज चालू झालेलं पाहूनच निघायचं.